तुमचं लेकरू दाखवा

परत येऊन आठवडा झाला, पण चपलेच्या टाचेतली काळी माती अजून निघायला तयार नाही. आमच्या चिपळूणची लाल माती नळाखाली पाय धरला की वाहून जाते. धाराशिवची माती तसली नव्हे. ती एकदा धरते ती धरतेच. खानावळीत रोजची जेवायला येणारी मंडळी विचारतात, "काकू, तिकडे उन्हाशिवाय बघण्यासारखं आहे तरी काय हो?" एकेकाला सांगताना माझी आमटी करपते. म्हणून एकदाच लिहून टाकते, ज्याला हवं त्याने वाचावं.

मुळात मी गेले ती माझ्या भाचीमुळे. मंजिरी मेंदूच्या आजारांची डॉक्टर. ती नि तिचे सोबती गावोगाव फिटच्या रुग्णांसाठी शिबिरं घेतात. तिचा एक दिवस फोन आला. "मावशी, गोळ्या आहेत, तक्ते आहेत, गाडी आहे. पण 'मला फिट येते' असं चारचौघांत उभं राहून सांगणारं माणूस काही मिळत नाही. तू येशील?"

"मला भाषण येत नाही गो. मला आमटी येते."

"मग आमटीची कृती सांगतेस तसंच सांग."

मला चौदाव्या वर्षापासून फिट येते. येते म्हणजे यायची. सकाळ-संध्याकाळ गोळी घेते, त्यामुळे कैक वर्षांत तिने तोंड दाखवलेलं नाही. लग्नाआधी वडिलांनी सासरी स्वच्छ सांगितलं होतं, त्यामुळे घरात लपवाछपवी कधी नव्हती. पण गल्लीत, गिऱ्हाइकांत कुणाला पत्ता लागू दिला नाही. लोक म्हणतील, हिच्या हातचं खायचं कसं? म्हटलं, लांबच्या गावात लाज कमी लागेल. खानावळ मुलाच्या, निखिलच्या हातात सोपवली आणि निघाले.

परंडा

कुर्डुवाडीला गाडी घेऊन रफिकभाई आले होते. मूळचे धाराशिवचेच, शिबिराची गाडी हाकतात आणि स्वतःला अर्धा डॉक्टर समजतात. "मावशी, सामान द्या इकडं. डाक्टरमॅडम बोलल्या, तुमाला फिट येते. टेन्शन कायकू घ्यायचं? मला सगळं येतं. कुशीवर वळवायचं, कॉलर ढिली करायची, तोंडात काय घालायचं नाय." ओळख झाली नाही तोवर माणसाने मला मनातल्या मनात कुशीवर वळवलंसुद्धा!

परंड्याचा किल्ला आत शिरल्याशिवाय कळत नाही केवढा आहे ते. तटावर तोफा नुसत्या पडलेल्या, त्यांच्यावर शेळ्या चढलेल्या. आमच्याकडे किल्ला म्हटला की आधी घाम गाळून चढायचं आणि वर गेल्यावर समुद्र बघायचा. इथे चालत सपाटीवरून सरळ आत. माझ्या गुडघ्यांनी त्या बांधणाऱ्याला मनापासून दुवा दिला.

शिबिर शाळेच्या खोलीत होतं. मंजिरीने आधी समजावून सांगितलं: फिट म्हणजे मेंदूतल्या विजेचा थोडा वेळचा गोंधळ. बाहेरची बाधा नव्हे, वेड नव्हे, शिवल्याने किंवा उष्ट्याने लागत नाही. मग माझी पाळी. मी उभी राहिले, आणि काय सांगू, गावभर आवाज जाणारी मी, घशातून नुसती हवा निघाली. शेवटी डोळे मिटून एका दमात म्हणून टाकलं, "मला फिट येते, मी खानावळ चालवते, झालं!" आणि बसले.

एक फेटेवाले उठून म्हणाले, "मॅडम, तुमचं सगळं बराबर हाय. पर आमच्या गावात असलं कुणालाच न्हाय बगा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, चला, एवढ्या लांब यायचं सार्थक झालं!

पण चहाला बाहेर आलो तर एकेक जण माझ्याजवळ सरकायला लागला. कुणाच्या मेहुण्याच्या गावात एक जण होता. कुणाच्या मैत्रिणीच्या जावेची पोर होती. तेच फेटेवाले सगळ्यात शेवटी आले, इकडं तिकडं बघून म्हणाले, "ताई, गोळी आयुष्यभर घ्यावी लागती का? न्हाय, म्हंजी आमच्या वळखीचा एक हाय." तो ओळखीचा त्यांच्याच मागे उभा होता, नाकडोळे हुबेहूब त्यांचेच. मंजिरीने त्याला शाळेच्या मागच्या ओट्यावर तपासलं. चहा कडक नि गोड होता, मी दोन कप घेतले.

नळदुर्ग

नळदुर्गला किल्ल्यातल्या बंधाऱ्यातच महाल बांधलेला आहे. पावसाळ्यात त्याच्यावरून पाणी कोसळतं म्हणे. आम्ही गेलो थंडीत, तेव्हा पाणी खाली निवांत पडून होतं. महालाच्या खिडकीत बसलं की गार वारा येतो. तिथेच मुक्काम ठोकावा असं वाटत होतं, पण रफिकभाईंना भूक लागली होती.

हायवेवरच्या ढाब्यावर बाजेवर मांडी घालून बसलो. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याचं कालवण आणि ठेचा. मालक म्हणाला, "ताई, ठेचा बेतानं घ्या." मी खानावळवाली बाई, मला ठेच्याची भीती घालतो? चांगला बोटभर घेतला. अगं आई गं! ठसका असा लागला की डोळे पांढरे, श्वास अडकला, आणि बाजेच्या कडेवरून मी सरळ खाली.

झालं! रफिकभाईंनी आयुष्यभर याच क्षणाची वाट पाहिली असावी. "हटो, हटो! हवा येऊ द्या!" म्हणत त्यांनी मला कुशीवर वळवलं, मानेखाली स्वतःचा रुमाल सारला आणि मनगटावरच्या घड्याळात बघत बसले. मी खोकत ओरडतेय, "अहो, ठेचा, ठेचा!" आणि ते गर्दीला सांगतायत, "बोलतात त्या काहीबाही, घाबरायचं नाय." तेवढ्यात एक ट्रकवाला फोडलेला कांदा घेऊन आला, दुसऱ्याने पायातलं पायताण काढून माझ्या नाकाशी आणलं. त्या वासाने मात्र मी ताडकन उठून बसले.

"बघा! चप्पल लागू पडली!" तो पायताणवाला विजयाने म्हणाला.

मग काय, मंजिरीने तिथल्या तिथे बाजेवर उभं राहून शिबिर उरकलं. कांदा नको, चप्पल नको, तोंडात चमचा तर मुळीच नको. फिट बहुधा आपली आपण थांबते. पाच मिनिटांत नाही थांबली तर दवाखाना. पायताणवाला शेवटी जरा खजील होऊन म्हणाला, "मग या ताई उठल्या कशानं?" मी म्हटलं, "बाबा रे, त्या पायताणाने मेलेला माणूसही उठेल." सगळा ढाबा हसला. परंड्याच्या खोलीत घशाला कोरड पडलेली मी, इथे ठेच्याचा घास हातात घेऊन बेधडक सांगत होते की मला फिट येते. लाज मोडायला हीच युक्ती असेल तर ठेचा गोळीबरोबर लिहून द्यायला हरकत नाही.

माकणी

माकणीला पोचलो आणि गावात चिटपाखरू नाही. दारांना कड्या, पारावर एक म्हातारं कुत्रं. शिबिराचा फलक आम्हीच लावला आणि आम्हीच वाचला. रफिकभाईंनी कपाळावर हात मारला. "तोबा तोबा! आज येळवस हाय की!"

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. धाराशिव-लातूरकडचा हा सण. त्या दिवशी सगळं गाव उठून रानात जातं, कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, करून पूजा करतं आणि तिथंच जेवतं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि आमच्या चिपळूणच्या डॉक्टरीणबाईंनी नेमका तोच दिवस शिबिराला धरलेला! मंजिरी रडकुंडीला आली. मी म्हटलं, "अगो, गाव रानात गेलंय तर आपणही रानात जाऊ. जेवण तरी चांगलं मिळेल."

आणि मिळालं! तिथल्या माणसांना आग्रह करता येत नाही, हुकूम करता येतो. बांधावरून जाणाऱ्याला "या, बसा, जेवा" असं म्हणून हात धरून ओढतात. एका शेतकरीणबाईंनी आम्हाला असंच ओढून कोपीजवळ बसवलं. भज्जी म्हणजे आमच्यासारखी तळलेली भजी नव्हेत. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे आणि रानातल्या सगळ्या भाज्या बेसनात शिजवलेल्या. सोबत बाजरीचे उंडे, म्हणजे उकडलेले गोळे, आणि मडक्यातली आंबट गार आंबील. मी तिसऱ्यांदा आंबील मागितली तेव्हा त्या बाई खूश होऊन म्हणाल्या, "ह्या कोकणातल्या दिसत न्हाईत बरं का, हितल्याच हायत."

त्यांच्या सोयाबीन निघालेल्या रानात मेंढरं बसवली होती. खतासाठी शेतकरी मेंढपाळांना बोलावून घेतात, दोरीची जाळी लावून मेंढरं रात्रभर रानात ठेवतात. सणाचं म्हणून मेंढपाळांचं कुटुंबही जेवायला आलं होतं. बिराजी आबा, पांढऱ्या मिशांचे, खांद्यावर घोंगडी. त्यांची बायको धुरपदाबाई, कडेवर तीन-चार महिन्यांचं बाळ. त्यांचा मुलगा मेंढरांपाशी होता. आणि लांब, जाळीच्याही पलीकडे, एकटी बसलेली एक पोर. तिच्याशेजारी जमिनीत विळा रोवलेला.

"ती का नाही जेवायला येत?" मी विचारलं.

शेतकरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आबांची सून, सारिका. तिला फेफरं येतंय. आज आवस न्हवं? म्हणून लांब बसवलीया, आन् बाधा लागू नये म्हणून इळा रोवलाय. लेकरू बी तिच्याजवळ देत न्हाईत आता."

मी माझं ताट उचललं आणि सरळ तिच्याजवळ जाऊन बसले. विळा उपटून बाजूला ठेवला. एकवीस-बावीसची पोर. मी म्हटलं, "मलाही येते फिट." तिने झटकन वर पाहिलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. माहेरी गोळ्या चालू होत्या, चांगलं चाललं होतं. लग्नात आईने सांगितलं, सासरी गोळी दिसली तर उभ्या पावली परत पाठवतील, म्हणून बंद केल्या. बाळंतपणानंतर जागरणं झाली आणि फिट परत आली. तेव्हापासून बाळ तिला शिवू देत नाहीत. दुधातून लेकराला फेफरं लागतं म्हणे. त्याला शेळीचं दूध वाटी-चमच्याने पाजतात. आणि पुढच्या आठवड्यात तिचा भाऊ येऊन तिला माहेरी नेणार. एकटीला.

"आणि दूध?" मी विचारलं.

तिने मान खाली घातली. "पिळून मातीत टाकती, मावशी. त्यो तिकडं रडतो, आन् हिकडं माजी चोळी भिजती."

हातातला घास मी ताटात परत ठेवला.

मंजिरीला हाक मारली. तिने आबांसमोर बसून शांतपणे सगळं सांगितलं. गोळी बंद झाली, झोप झाली नाही, म्हणून फिट आली. यात अमावस्येचा काही दोष नाही. दुधातून फिट लागत नाही. गोळी उद्यापासून सुरू करू, ती चालू असताना बाळाला पाजायला काही हरकत नाही. फक्त पाजताना भुईवर बसायचं, जवळ कुणीतरी असायचं, आणि बाळाला एकटीने अंघोळ घालायची नाही.

आबांनी सगळं ऐकलं. मिशीवरून हात फिरवला. "डाक्टरीणबाई, तुमी शिकल्याल्या हाव. पर आमी मेंढरावाली माणसं. बाजारात इकणारा सांगतो, मेंढी लई दुधाची हाय. आमी त्याचं ऐकत न्हाय. आमी म्हंतो, कोकरू दाव. कोकरू बगितलं की आईचं समदं कळतं."

मी पुढे झाले. "आबा, मला चौदाव्या वर्षापासून फिट येते. आणि मला एक मुलगा आहे, माझ्याच दुधावर वाढलेला."

आबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. तसं मला आजवर कुणी पाहिलं नव्हतं, लग्नाच्या वेळीसुद्धा. मग म्हणाले, "व्हय? मग तुमचं लेकरू दाखवा."

मी मोबाइलमधला निखिलचा फोटो दाखवला. "फोटूत समदीच मेंढरं धडधाकट दिसत्यात," आबा म्हणाले. "जित्तं दाखवा."

आता आली का पंचाईत! रानात फोनला रेंज नाही. रफिकभाई म्हणाले, इथल्या जवळच्या धरणाच्या भिंतीवर रेंज येते. मग सगळी वरात निघाली. पुढे आबा, त्यांच्यामागे मी, मंजिरी, रफिकभाई, बाळाला घेऊन धुरपदाबाई, आणि सगळ्यात मागे, अंतर ठेवून, सारिका. भिंतीवर चढलो तर समोर पाणीच पाणी. आठवडाभर कोरडं रान बघून सुकलेले माझे डोळे जरा ओले झाले. निखिलला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, आत्ता? जेवणाची गर्दी आहे!" हातात पळी, कपाळावर घाम, मागे गिऱ्हाइकं.

"गप. इथे एक आबा आहेत, ते विचारतील ते सांग."

आबांनी फोन हातात धरून डोळ्याजवळ नेला. "पोरा, त्वांड उघड."

"काय?"

"उघड म्हणतायत तर उघड की रे!" मी ओरडले.

निखिलने तोंड उघडलं. आबांनी दात निरखले. "बरं हायत. आता चालून दाव." बिचाऱ्याने फोन तांदळाच्या डब्याला टेकवला आणि पळी घेऊन खानावळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. "आता खरं सांग. तुला फेफरं कदी आलं?"

"कधीच नाही, आजोबा."

"तुज्या आईला येतं, ते ठावं हाय का तुला?"

"हो. लहानपणापासून माहीत आहे."

"आन् तू आईचंच दूध प्यालास?"

निखिल लालबुंद झाला. "अं... हो. म्हणजे आई तसं सांगते."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. निखिलच्या फोनचा आवाज मोठा होता. मी इतकी वर्षं गल्लीपासून जपलेली गोष्ट आख्ख्या खानावळीने जेवता जेवता ऐकली होती. सगळे गिळायचे थांबून फोनकडे बघत होते. मग कोपऱ्यातले आमचे रोजचे जोशी मास्तर ओरडले, "अरे, काकूंची फिट राहू दे, इकडे आमटी वाढ कुणीतरी! त्या गेल्यापासून धड मीठ नाही तिच्यात!" आणि सगळे परत जेवायला लागले. बस, एवढंच! याच्यासाठी मी आयुष्यभर दबून राहिले होते? मला हसावं की रडावं कळेना, मी दोन्ही केलं.

आबांनी फोन माझ्या हातात दिला आणि पाण्याकडे बघत उभे राहिले. सारिकाने पदर तोंडात धरला होता.

धुरपदाबाई आतापर्यंत एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या नवऱ्याजवळ जाऊन म्हणाल्या, "म्या रोज सांगती तुमाला. कोकरू लई दिस लांब ठेवलं तर मेंढी वास इसरती. मग किती बी लोटा, ती जवळ घेत न्हाय. तुमी मेंढीला तसं कदी करू देत न्हाय. आन् सुनंला?"

आबांची मिशी थरथरली. मग ते वळून दरडावल्यासारखे म्हणाले, "भुईवर बसून पाजायचं! उभ्यानं न्हाय! जवळ मानूस पायजे! आन् गोळी चुकवायची न्हाय, सांगून ठेवतो!" जणू सगळं त्यांनीच शोधून काढलं होतं. मंजिरीने तोंडावर हात धरला.

सारिका तिथंच, धरणाच्या भिंतीवर मातीत बसली. धुरपदाबाईंनी बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. बाळाने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. तोंड फिरवलं, पाठ ताणली, हात झाडले. उशीर झाला की काय? सारिका मात्र हलली नाही. तिने खाली वाकून त्याच्या टाळूला नाक लावलं आणि लांब श्वास घेतला, मग परत घेतला. त्याला पदराखाली ओढलं. रडणं जरा घुसमटलं, मग हुंदके, मग नुसता चुटचुट आवाज.

धुरपदाबाई खाली बसल्या आणि सुनेच्या पाठीला पाठ लावून टेकल्या. आबांनी चटकन तोंड फिरवलं आणि रफिकभाईंच्या खांद्याला धरून त्यांनाही वळवलं. "चला, हिकडं बगा, पाणी बगा." पाणी बघता बघता घोंगडीच्या टोकाने डोळे पुसत होते.

माझ्या हातातून बारीक आवाज आला. फोन चालूच होता. "आई, झालं का गं? मी जाऊ का आता?"

आबांनी फोन माझ्या हातातून घेतला, तोंडाजवळ धरला. "जा लेकरा," ते म्हणाले. "तुजं काम झालं."